हार नसलेली गाडी

मांडणीतली ताटं किणकिणली.

दुपार होती. भक्ती नुकतीच झोपली होती, सासूबाईंनी पदर तोंडावर घेऊन पाठ टेकली होती, नळ येऊन गेला होता. घरात कुणी कुणाला हाक मारत नाही असा एवढाच वेळ मला दिवसात मिळतो. त्या वेळात मी ओट्याला टेकून, उभ्या-उभ्याच मोबाइलमधले फोटो बघत होते. ताटं परत किणकिणली, या खेपेला वाट्यासुद्धा. आधी वाटलं उंदीर. मग तळपायाखालची फरशी थरथरली आणि कळलं, गल्लीत काहीतरी जड आलंय.

खिडकीशी गेले. समोर पिवळी क्रेन उभी होती आणि तिच्या आकड्याला कुसुमकाकूंची अँबॅसिडर अडकवलेली. पुढची चाकं हवेत, मागची जमिनीवर. इतकी वर्षं एका जागी उभी असलेली गाडी. तिच्याखालची जमीन पहिल्यांदाच उघडी पडली होती, काळी, ओलसर, आणि त्या ओलीत गल्लीतल्या पोरांचे हरवलेले चेंडू.

मी अनवाणीच धावले.

"ओ दादा! थांबा! कुठं नेयलाव गाडी?"

क्रेनवाला वयस्कर माणूस होता, तोंडात पान. त्यानं मान बाहेर काढून पिंक टाकली आणि शांतपणे म्हणाला, "भंगारात. समितीनं सांगितलंय. बेवारस हाय."

"बेवारस? अहो, मालकीण पुण्याला गेलीय लेकाकडं. सून बाळंत झालीय तिची. ते बघा घर, कुलूप दिसायलंय ना?"

"बाई, मला काय म्हाईत? मला फोटो आला, मी आलो." त्यानं मोबाइल पुढं केला. "तुमीच बघा. ही दसऱ्याची लाइन हाय. बुलेट, हार. टमटम, हार. पलीकडची लेकराची सायकल, तिला बी हार. आन् ही? एक फूल न्हाई. दसऱ्याला माणूस विळ्या-कोयत्याला झेंडू वाहतो. ज्या गाडीला दसऱ्याला बी कुणी इचारलं न्हाई, ती कुणाची म्हणायची?"

तो हे कुणाला टोचावं म्हणून बोलत नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावं तसं बोलत होता. त्यामुळंच माझ्या डोक्यात रक्त चढलं. आणि मग फोटोच्या कडेला मला एक पाय दिसला. छोटासा, पैंजण घातलेला, गाडीच्या दारातून खाली लोंबणारा. तो माझ्या लेकीचा पाय होता. फोटो मी काढलेला होता.

"हा फोटो कुणी दिला तुमाला?"

"ग्रुपवर आला. तुमच्या अध्यक्षानं टाकला."

घरातून भक्तीचं रडणं ऐकू आलं. क्रेनच्या आवाजानं जागी झाली होती, आणि अंथरुणात आई नाही म्हणून घाबरून किंचाळत होती. मी दोन्हींच्या मधोमध उभी राहिले. मग लेकराकडं वळले. तिला कडेवर घेऊन परत बाहेर आले तोवर अँबॅसिडर गल्लीचं वळण घेत होती, एखाद्या म्हातारीला बखोटीला धरून न्यावं तशी, मागची चाकं फरफटत.

"आई," भक्ती हुंदके देत म्हणाली, "माझी उशी गाडीत हाय."

खरंच होती. ताप आला की भक्ती घरात झोपत नाही. कुसुमकाकूंच्या गाडीच्या मागच्या सीटवर, दोन्ही दारं उघडी टाकून, वारा खात झोपते. काकू पुढच्या सीटवर बसून वाटाणे सोलतात आणि मधेमधे तिच्या कपाळाला हात लावतात.

*

सेलूत स्टेशनाच्या मागं आमची गल्ली आहे. मला गाड्यांमधलं काही कळत नाही. पण भक्ती झाली तेव्हा ती पहाटेपासून रडायची, आणि तिला खांद्यावर टाकून मी गल्लीगल्लीत फिरायची. तेव्हा मला जुन्या गाड्या दिसायला लागल्या. जिनिंग मिलच्या भिंतीला टेकून एक फियाट आहे, तिच्या टपावर दोडक्याचा वेल चढलाय आणि दोडके काढायला शेजारीण स्टूल घेऊन येते. दवाखान्याच्या बोळात एक जीप आहे, तिच्यात बसून एक शिंपी दुपारचा डबा खातो. मी एका हातानं लेकरू धरायची आणि दुसऱ्या हातानं फोटो काढायची. बरेचसे हलायचे. नव्या गाडीला कुणी बोट लावू देत नाही. जुन्या गाडीवर सगळे हात ठेवतात, टेकतात, कपडे वाळत घालतात. मला तेच आवडायचं. मी ते फोटो स्टेटसला ठेवायची.

सासूबाईंना, म्हणजे बायनाबाईंना, हे पटायचं नाही. "लोकाच्या सुना देवाधर्माचे फोटो ठेवत्यात," त्या यायच्या-जायच्यांना सांगायच्या, "आमची भंगाराचे ठेवती. उद्या भंगारवालाच मागणी घालील तिला."

सगळ्यात जास्त फोटो कुसुमकाकूंच्या गाडीचे आहेत. त्यांचे यजमान रंगनाथकाका परभणीला सरकारी गाडीवर ड्रायव्हर होते. आयुष्यभर साहेबांसाठी मागचं दार उघडून उभे राहिले आणि रिटायर झाल्यावर स्वतःची अँबॅसिडर घेतली, दुधावरच्या सायीच्या रंगाची. सेलूतल्या किती नवरदेवांना त्यांनी मांडवापर्यंत नेलं याची गणती नाही. भक्तीला परभणीच्या दवाखान्यातून घरी आणलं ते त्याच गाडीतून. काका खड्डा दिसला की गाडी उभीच करायचे, मग हळू उतरवायचे, आणि आरशातून मला विचारायचे, "जागं न्हाई ना झालं पाखरू?" ते गेले आणि गाडी काकूंच्या दारासमोर तशीच राहिली. इंजिन बसलं, टायर बसले. काकू मात्र दर आठवड्याला ती पुसायच्या. उन्हाळ्यात गल्लीभरच्या कुरडया त्या बॉनेटवर वाळायच्या, त्यात सगळ्यात आधी आमच्या सासूबाईंच्या. त्यांनी काकूंच्या घरचा चहा कधी घेतला नाही. बॉनेट मात्र दरसाल घेतलं.

पुण्याला निघताना काकूंनी चावी माझ्या हातात दिली होती. "चालू व्हायची न्हाई ती, मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या होत्या. "पण दार नीट लाव बरं का, राजेश्री. उघडं राहिलं की कुत्र्या आत बाळंत होत्यात. तिकडं आमची सून रेणुका, हिकडं ती. मी एकली कुणाकुणाचं करू?" आणि खळखळून हसल्या होत्या.

ती चावी आता माझ्याजवळ होती आणि गाडी नव्हती.

*

गल्ली सुधार समितीचे अध्यक्ष म्हणजे माझे मोठे दीर, महारुद्र. शेजारच्याच घरात राहतात. दसऱ्याला त्यांनी नवी गाडी घेतली, पांढरी, उंच, म्हशीएवढी. ती वळवताना त्यांना रोज अँबॅसिडर आडवी यायची. रोज ते काच खाली करून काहीतरी पुटपुटायचे. मला ते दिसायचं. पण त्यातून काय होईल हे काही दिसलं नव्हतं.

संध्याकाळी ते चहाला आले. मी कणीक मळत होते. माझा नवरा बजरंग कामावरून येऊन नुकताच टेकला होता.

"राजेश्री," भाऊजी हसत म्हणाले, "तुझ्या फोटोचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला बघ."

मी कणीक मळतच राहिले. इतकी मळली की ती पोळ्यांच्या कामाची राहिली नाही.

"फोटो कापला कुणी, भाऊजी?"

"कापला म्हणजे?"

मी हात पुसले, मोबाइल उघडला आणि अख्खा फोटो त्यांच्यासमोर धरला. दसऱ्याची सकाळ. सगळ्या गाड्या हार घालून रांगेत. अँबॅसिडरच्या दारात भक्ती पाय सोडून बसलेली. आणि गाडीच्या मागं, पांढरी साडी नेसलेल्या कुसुमकाकू, पदर खोचून, फडक्यानं मागची काच पुसताना. गाडीखाली धुतलेल्या पाण्याचा ओघळ पार नालीपर्यंत गेलेला.

"ह्या कोण हायेत?"

"अगं, ग्रुपवर गाडी नीट दिसावी म्हणून जवळून घेतला फोटो."

"गाडी दिसावी म्हणून गाडीची मालकीण काढली?"

"हे बघ, वाकड्यात शिरू नको. फोटो समितीत सगळ्यांनी बघितला. एक तरी माणूस म्हणला का, ही कुसुमबाईची हाय म्हणून? सगळे म्हणले, दसऱ्याला बी हार न्हाई म्हणजे सोडून दिलेली हाय. त्यात माझं काय चुकलं?"

"त्यांच्यात दसऱ्याला गाडीला हार घालीत न्हाईत. तुमाला म्हाईत हाय ते. त्या सकाळी काकू गाडी धुत्यात, पुसत्यात, आन् विहारात जात्यात. दरसाल. तुमच्या डोळ्यासमोर."

"मग आमी काय दारोदार हिंडावं का, बाबा तुमच्यात कसं असतं, बाबा तुमच्यात कसं असतं?"

"दार गाडीच्या समोरच हाय, भाऊजी. एकच दार होतं."

"राजेश्री," बजरंग म्हणाला, "आवाज."

एवढंच म्हणाला. आवाज. माझा आवाज भाऊजींपेक्षा मोठा नव्हता. पण या घरात आवाज म्हणजे माझाच आवाज. मला वाटलं, परात उचलून भिंतीवर मारावी. भक्ती कोपऱ्यात बाहुलीला झोपवत होती, तिच्या डोळ्यांकडं बघून मी परात खाली ठेवली. अशा किती पराती मी खाली ठेवल्या असतील.

मग मी आतल्या खोलीत गेले आणि लोखंडी कपाटातून लग्नाचा अल्बम काढून आणला. माझ्या लग्नाचा नाही, भाऊजींच्या. पान उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मुंडावळ्या बांधलेले भाऊजी, बारीक मिशी, आणि त्यांच्या मागं तीच अँबॅसिडर. टपापासून खालपर्यंत झेंडू आणि निशिगंध, काच दिसत नव्हती एवढे हार. दार उघडून धरलेले रंगनाथकाका.

"त्या दिवशी हिला हार होता," मी म्हणाले. "तुमच्यासाठी घातला होता."

भाऊजींनी अल्बम मिटला. तेवढ्यात बाजेवर बसलेल्या सासूबाई, ज्या इतका वेळ वाती वळत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "रंगनाथ त्या दिवशी जेवला न्हाई."

"आता हे कुठं मधीच, आई?"

"गाडीतच बसून होता. मी म्हणलं होतं, पाहुणे उठू द्या, मग त्याला वाढू. मग राहूनच गेलं." त्यांनी वात ताटलीत ठेवली. "तसाच उपाशी तुझ्या बायकोला घेऊन आला घरी."

भाऊजी उठले. "झालं ते झालं. भंगारवाला उद्या कापील गाडी. काकू आली की मी समजावतो तिला. म्हातारी माणसं दोन दिवस बोलत्यात, मग विसरत्यात."

ते गेले. मी बजरंगकडं बघितलं.

"उद्या सुट्टी घे. आपण जाऊ."

"भावाच्या विरोधात जाऊ का आता मी? एका डब्यापायी?" तो म्हणाला. त्यानं टीव्ही लावला. मी पोळ्या केल्या. सगळ्या कडक झाल्या आणि त्यानं मुकाट्यानं खाल्ल्या.

*

सकाळी डबा भरून दिला, बजरंग गेला. मी स्कूटी काढली, चावी ओढणीच्या टोकाला बांधली, भक्तीला पुढं उभं केलं. तेवढ्यात मागून स्कूटी दबली. वळून बघते तर सासूबाई. नवं लुगडं, हातात पाण्याची बाटली.

"तुमी कुठं?"

"मला सोडून कुठं जायलीस? माझ्या कुरडयाची जागा हाय ती. उन्हाळ्यात काय तुझ्या मोबाइलवर वाळू घालू का?"

मला हसूही आलं आणि रागही. अख्खा जन्म या बाईला काकूंच्या घराचा उंबरा ओलांडता आला नाही. पण आता ती माझ्या स्कूटीवर बसली होती, आणि मला त्या क्षणी तेवढंही पुष्कळ होतं.

भंगाराचं आवार परभणी रोडला आहे. पत्र्याचं फाटक, आत कुलरचे सांगाडे, बंब, पंपाच्या मोटारी. मालक आबासाहेब नावाचा माणूस, खुर्चीत बसून कानात काडी घालत होता. आणि त्याच्या मागं अँबॅसिडर. बॉनेट काढून बाजूला भिंतीला उभं केलं होतं. दिवे काढले होते. डोळे काढलेल्या चेहऱ्यासारखी ती दिसत होती. कापायचं मशीन गाडीच्या शेजारीच ठेवलं होतं, नळी सरळ करून.

"ती गाडी परत पायजे," मी म्हणाले.

"आवं ताई, अशी कशी परत? समितीनं दिलीय. रीतसर."

"समितीची न्हाई ती. मालकीण पुण्याला हाय. तिनं चावी माझ्याजवळ ठेवलीय."

"चावी?" त्यानं काडी काढली.

मी ओढणीची गाठ सोडली. मागच्या दारापाशी गेले. किल्ली फिरली. दार उघडलं, आणि आतून तोच वास आला, जुन्या रेक्झिनचा, वाटाण्याच्या सालांचा, भक्तीच्या तेलाचा. भक्तीनं आत उडी मारून उशी पोटाशी धरली.

आबासाहेब डोकं खाजवत जवळ आला. "इमानदारीनं सांगतो ताई, मला म्हणले बेवारस. बेवारस गाडीला चावी नसती, हे मलाबी कळतं. पण माझ्याजवळ तुमच्या अध्यक्षाचा शब्द हाय. त्यानं येऊन सांगावं. मी बायकांच्या सांगण्यावर गाडी सोडली तर उद्या तोच माझ्या दारात येऊन भांडायचा."

बायकांच्या सांगण्यावर. मी तोंड उघडलं, पण त्याच्या आधी सासूबाई पुढं झाल्या. लुगडं सावरलं, एक हात दाराला धरला आणि अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर चढून बसल्या. भक्तीला मांडीवर घेतलं.

"लाव फोन त्याला," त्या मला म्हणाल्या. मी लावून दिला. "महारुद्रा? मी बायनाबाई बोलायली. तुझी माय. मी त्या गाडीत बसलेय. हां, भंगारात. तू येतोस का? का ह्यांना सांगू, माझ्यासगट कापा म्हणून?"

भाऊजी आले ते नव्या गाडीतून, धूळ उडवत. उतरले, बघितलं, आणि मागं फाटकाकडं वळून पाहिलं. फाटकाशी रस्त्यावरचे चार लोक थांबले होते.

"आई, उतर. लोक बघायलेत."

"बघू दे."

"तुला कळतंय का तू काय करायलीस?"

"काय करायले म्हणजे? मी बसलेय. रंगनाथ असा तासन् तास बसायचा, उपाशी. मला पाणी तरी हाय." त्यांनी बाटली दाखवली. मग माझ्याकडं वळल्या. "राजेश्री, काढ गं फोटो. ठेव तुझ्या त्या स्टेटसला. सगळं सेलू बघू दे, समितीच्या अध्यक्षाची माय भंगारात बसलीय."

मी मोबाइल वर केला. भाऊजींनी माझ्याकडं असं बघितलं की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हात खाली घेतला असता. आज घेतला नाही. डोळे काढलेली गाडी, मागच्या दारातून सासूबाईंचं मोठं कुंकू, आणि त्यांच्या मांडीवर उशी धरलेली माझी लेक. हात जराही हलला नाही. इतक्या वर्षांत एवढा स्थिर फोटो मला कधी आला नव्हता.

"ठेवू का, भाऊजी?" मी विचारलं. "का आधी कापू?"

त्यांनी आबासाहेबाकडं मान वळवली आणि दात आवळून म्हणाले, "द्या परत."

*

गाडी आली. त्याच क्रेनवाल्यानं आणली. बॉनेट दोरीनं बांधलेलं, दिवे सीटवर ठेवलेले. जुन्या जागेच्या थोडी मागं बसली, त्यामुळं काळ्या जमिनीची एक पट्टी उघडीच राहिली. गल्ली गोळा झाली होती. सगळेच आता म्हणत होते, आम्हाला तर आधीच वाटलं होतं. मला त्यांच्यातल्या एकेकाचं नाव घेऊन विचारावंसं वाटत होतं, मग ग्रुपवर का नाही वाटलं?

आणि मग भाऊजी चौकातून आले, हातात केळीच्या पानात गुंडाळलेला झेंडूचा हार. जाड, ताजा, चांगला बघून आणलेला. त्यांनी तो सगळ्यांसमोर अँबॅसिडरच्या नाकावर बांधला, दोरा दोनदा ओढून गाठ मारली, हात झटकले. "आता बघू कोण बेवारस म्हणतो," ते म्हणाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "बरं केलंस बाबा."

त्यांना मनापासून वाटत होतं की त्यांनी भरपाई केली. मी उंबऱ्यात उभी होते. गाडी उचलून नेली तेव्हा नव्हता एवढा राग मला त्या हाराचा आला. पण त्या आनंदात काय बोलणार होते मी? की हार काढा? का काढा? फूल तर घातलंय त्यांनी. बजरंग माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, "झालं ना आता तुझ्या मनासारखं?"

मी काकूंना फोन करून सगळं सांगितलं होतं. हाराचं तेवढं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या आल्या. रिक्षातून उतरल्या, पिशवी खाली ठेवली आणि गाडीकडं बघत उभ्या राहिल्या. दोरी बघितली. दिव्यांची भोकं बघितली. मग हार.

"ह्ये कुणी केलं?"

भाऊजी दारात दात घासत होते. चूळ भरून पुढं आले. माणूस वाईट असता तर सोपं होतं, पण ते खरोखरच नम्रपणे बोलले. "मी घातला, काकू. आमची चूक झाली. कळलं न्हाई आमाला. बॉनेट मी बसवून देतो, दिवे बसवून देतो. आन् हार हाय तोवर आता कुणी हात लावायचं न्हाई."

"असं व्हय?" काकू म्हणाल्या. "मग एक माझ्या दाराला बी बांध, बापू. आन् एक माझ्या गळ्यात घाल. पांढरं नेसून निघाले म्हंजे मलाच बेवारस म्हणून उचलायचं कुणी."

भाऊजी हसले. त्यांना वाटलं चेष्टा आहे. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांचंही हसू अर्ध्यात राहिलं.

"तसं न्हाई काकू. तुमच्या भल्यासाठीच."

"माझा नवरा गल्लीभरच्या नवरदेवांचे हार ह्या गाडीवर बांधू द्यायचा. एकदाबी न्हाई म्हणला न्हाई. लोकाचा आनंद हाय म्हणायचा." त्यांचा आवाज चढला नाही, जाड झाला. "पण तो हार तुमचा हुता, म्हणून तुमी बांधला. हा कुणाचा हाय? मी काय माझी गाडी तुमच्या फुलानं माझी करू? चाळीस वर्सं समोर राहते मी तुझ्या. तू लहान हुतास तवा माझ्या वसरीत खेळलायस, महारुद्रा."

त्यांनी माझ्यापुढं हात केला. मी चावी दिली. त्यांनी पुढचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. त्या सीटवर त्यांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या नेहमी शेजारच्या सीटवर बसायच्या, ही रिकामी ठेवून. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून त्या समोर बघत राहिल्या.

"काढ गं राजेश्री तेवढा. माझं गुडघं वाकत न्हाईत."

मी खाली वाकले. गाठ घट्ट होती, दोरा ओला होऊन आवळला होता. नखानं सुटेना. भाऊजी हात बांधून उभे होते, बजरंग दारात, सासूबाई खिडकीत. सगळ्यांची नजर माझ्या पाठीवर होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर काहीतरी सोडवत होते, हळूहळू, घाई न करता. शेवटी दोरा दातानं तोडला. तोंडात झेंडूचा कडू रस उतरला. हार माझ्या हातात आला आणि गाडीचं नाक परत मोकळं झालं, गंजलेलं, सायीच्या रंगाचं.

भक्ती उशी काखेत घेऊन माझ्याजवळ येऊन बसली होती. खाली पडलेली फुलं ती एकेक करून फ्रॉकच्या ओच्यात गोळा करत होती. मधेच थांबली. गाडीकडं बघितलं, काचेमागच्या कुसुमआजीकडं बघितलं, गल्लीच्या वळणाकडं बघितलं.

"आई, हार काढला?"

"हो पिल्ला."

"मग ते क्रेनवाले परत आले, आन् आजी घरात नसली," ती एक फूल माझ्यापुढं धरून म्हणाली, "तर त्यांना कसं कळंल, ही कुणाचीतरी हाय?"